पडद्यामागचा सूर

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गायनाच्या वर्गाला एक मुलगी येते. कॉलेजात इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. करते आहे. एका संध्याकाळी शिकवणी आटोपल्यावर ती घाईने निघून गेली आणि तिचे एक पुस्तक तंबोऱ्याच्या गवसणीपाशी राहिले. दुसऱ्याचे पुस्तक उघडू नये हे खरे. पण नाव वाचले आणि राहवले नाही. ‘बेल कँटो’. पाश्चात्त्य संगीतावरची चार पुस्तके चाळलेली असल्यामुळे एवढे ठाऊक होते की, इटालियन भाषेत याचा अर्थ ‘सुंदर गायन’, आणि गळा तयार करण्याच्या तिकडच्या एका जुन्या पद्धतीलाही तेच नाव आहे. म्हटले, हे तर आपल्याच धंद्यातले दिसते. बाहेर पाऊस लागला होता. पहिली वीस पाने तिथेच बैठकीवर बसून वाचली आणि उरलेले पुस्तक पुढच्या चार रात्रींत.

लेखिका अमेरिकन, ॲन पॅचेट. कादंबरी २००१ सालची. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशात (देशाचे नाव लेखिकेने सांगितलेले नाही) उपराष्ट्राध्यक्षांच्या घरी मेजवानी आहे. एका जपानी उद्योगपतीचा वाढदिवस. तो ऑपेराचा वेडा, म्हणून खास त्याच्यासाठी एका नामवंत गायिकेला बोलावलेले. तिचे गाणे संपते न संपते तोच दिवे जातात आणि बंदूकधारी घरात शिरतात. त्यांना हवे असलेले राष्ट्राध्यक्ष तर आलेलेच नसतात. मग सारे पाहुणेच ओलीस! पुढे बायकांना सोडून देतात. ठेवून घेतात ती एकट्या गायिकेला, कारण तिच्या गळ्याची किंमत त्यांनाही कळलेली असते. महिने लोटतात. रोज ती गाते, आणि कोंडणारे व कोंडलेले दोघेही त्या गाण्याच्या वेळेसाठी जगू लागतात. बंदूकवाल्यांतल्याच एका पोराला गळा आहे हे ध्यानात येते, तेव्हा ती त्याला शिकवू लागते. १९९६ च्या डिसेंबरात पेरू देशातल्या लिमा शहरी जपानी राजदूताच्या निवासस्थानी असेच ओलीसनाट्य सुरू झाले होते आणि ते १२६ दिवस चालले होते. कादंबरीचे बीज त्यात आहे. शेवट सांगत नाही. ज्यांना वाचायची असेल त्यांचा रस कशाला घालवू?

गाण्यावर लिहिणारे लेखक बहुधा रागांची नावे पेरतात, ‘स्वर्गीय सूर’ म्हणतात आणि पुढे सरकतात. इथे तसे नव्हते. रियाज चुकला की गाणाऱ्याला जी चुटपुट लागते, साथीदार गेल्यावर जे पोरकेपण येते, शिष्याच्या गळ्यात आपला सूर सापडला की जो आनंद आणि थोडासा मत्सर वाटतो, ते सारे त्या बाईने बरोबर पकडले होते.

पुस्तक परत देताना मी तिला तसे म्हणालो. ती खुलली. म्हणाली, “गुरुजी, या कादंबरीला २००२ साली ऑरेंज प्राइझ मिळालंय. फक्त बायकांच्या कादंबऱ्यांना देतात ते.”

“फक्त बायकांच्या? मग त्यात मोठंसं काय?” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. पुस्तक पिशवीत घातले, नमस्कार केला आणि गेली. माझे बोलणे तिला लागले हे मला जिना उतरण्याच्या तिच्या आवाजावरून कळले. म्हणून मग मी या पारितोषिकाची माहिती मिळवू लागलो. हेतू प्रामाणिकपणे सांगायचा तर एवढाच होता की, पुढल्या वेळी तिच्याशी वाद घालताना आपली बाजू पक्की असावी.

हकिकत अशी आहे. इंग्लंडात कादंबरीसाठी सर्वांत प्रतिष्ठेचे मानले जाणारे बुकर पारितोषिक १९६९ पासून दिले जाते. १९९१ साली त्याची सहा नावांची अंतिम यादी जाहीर झाली, ती अशी: बेन ओक्री, मार्टिन एमिस, रॉडी डॉयल, टिमोथी मो, विल्यम ट्रेव्हर आणि आपल्या मुंबईचे पारशी रोहिंटन मिस्त्री. ओक्रींना पारितोषिक मिळाले. सहाही लेखक गुणी, पण सहाही पुरुष. ज्या देशात कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बायका इतक्या, तिथे वर्षभरातल्या सहा उत्तम कादंबऱ्यांत बाईची एकही नसावी! प्रकाशनव्यवसायातली, वृत्तपत्रांतली आणि पुस्तकविक्रीतली काही स्त्री-पुरुष मंडळी लंडनला एकत्र बसली आणि विचार करू लागली. त्यांना नुसती यादी खुपली नव्हती. अशी यादी निघाली हे कोणाच्या लक्षातसुद्धा आले नव्हते, हे जास्त खुपले होते.

त्यातून कादंबरीकार केट मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने १९९६ साली नवे पारितोषिक उभे राहिले. कोणत्याही देशाच्या बाईने इंग्रजीत लिहिलेली, त्या वर्षी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली पूर्ण लांबीची कादंबरी त्याला चालते. परीक्षक पाच, पाचही बायका. पारितोषिकाची रक्कम तीस हजार पौंड. ती एका दात्याने कायमचा निधी ठेवून दिली आणि आपले नाव मात्र गुप्त राखले. सोबत ग्रिझेल निवेन या शिल्पकर्तीने घडवलेली ब्राँझची छोटी मूर्ती. तिला लाडाने ‘बेसी’ म्हणतात. पहिला मान हेलन डनमोर यांच्या ‘अ स्पेल ऑफ विंटर’ या कादंबरीला मिळाला. ऑरेंज नावाच्या टेलिफोन कंपनीचे पाठबळ २०१२ पर्यंत होते. पुढे एक वर्ष काही व्यक्तींच्या देणग्यांवर निभावले, मग २०१४ ते २०१७ बेलीज या मद्याच्या कंपनीचे नाव लागले, आणि २०१८ पासून ते ‘विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन’ एवढ्याच सुटसुटीत नावाने ओळखले जाते.

आता माझी बाजू पक्की करणारे माणूसही मला लगेच सापडले, आणि ती एक बाईच होती! ए. एस. बायट या मोठ्या कादंबरीकर्तीला हे पारितोषिक अजिबात पसंत नव्हते. केवळ लिंगावरून केलेली निवड हाही भेदभावच, अशी त्यांची भूमिका. आपली पुस्तके त्यासाठी पाठवू नयेत असे त्यांनी प्रकाशकांना बजावले होते. त्यांना स्वतःला १९९० साली, म्हणजे त्या सुप्रसिद्ध यादीच्या आदल्याच वर्षी, बुकर मिळाले होते. आयरिस मर्डॉक, अनिता ब्रुकनर, पेनेलोपी लाइव्हली यांनाही त्यापूर्वी ते मिळाले होते. मग बायकांना वाट बंद होती असे कसे म्हणावे? मला हे पटले. आगगाडीला बायकांचा वेगळा डबा जोडतात तसा हा प्रकार, असे मनात आले. डब्यात बसून मुक्कामाला पोचता येते, हे कबूल. पण त्यात बसल्याने कोणी इंजिन चालवायला शिकत नाही.

शिवाय गवयाच्या घरात वाढल्यामुळे माझ्या अंगात एक समजूत मुरलेली. सुराला जात नाही, सुराला लिंग नाही. कान मिटून घेता येत नाहीत, पण डोळे मिटता येतात. डोळे मिटून ऐकले की गाणारा कोण हे उरतच नाही. वडिलांचे हे वाक्य मी वर्गात शंभरदा तरी म्हटले असेन.

गणपतीच्या आधी आमच्या मंडळाच्या गायनस्पर्धेचे काम निघाले. पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींची ही स्पर्धा, आणि गेली चौदा वर्षे मी तिचा एक परीक्षक. जुनी प्रमाणपत्रे छापखान्याला नमुन्यासाठी द्यायची म्हणून मी नोंदवही काढली. आणि कसे कोण जाणे, बोट आपोआप पहिल्या क्रमांकाच्या रकान्यावरून खाली फिरू लागले. चौदा नावे. त्यांत मुली तीन.

वाचकहो, माझ्या वर्गात तीन मुलींमागे एक मुलगा असतो. स्पर्धेलाही मुलीच जास्त येतात. मग वर येताना ही चाळणी कुठे लागते? मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. ती यादी लंडनच्या कोणा परीक्षकांनी केलेली नव्हती. खाली माझी सही होती. आणि चौदा वर्षांत हे माझ्या लक्षातसुद्धा आले नव्हते.

कोणाला डावलावे असे माझ्या मनात कधीही नव्हते. पण आठवू लागलो तेव्हा आमची परीक्षकांची बोलणी आठवली. मुलाने जोरकस तान घेतली की आम्ही म्हणत असू, “तयारी आहे.” मुलीने तीच घेतली की, “गोड आहे, पण जरा आक्रस्ताळी झाली.” मुलगा बुजला की “पुढे खुलेल”, मुलगी बुजली की “आत्मविश्वास नाही”. मुलाला निवडताना पुढची वीस वर्षे दिसत. मुलीला ऐकताना, ‘लग्नानंतर कुठे टिकतंय’, हे वाक्य कोणी मोठ्याने म्हणत नसे, पण ते खोलीत असे. आमचे डोळे मिटलेले होते. पण मिटल्या डोळ्यांआड आम्ही सारे पाहत होतो.

पाश्चात्त्य वाद्यवृंदांना या रोगावर एक साधा उपाय सापडला आहे. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी १९७० च्या सुमारापासून नव्या वादकाची परीक्षा पडद्याआडून घ्यायला सुरुवात केली. वाजवणारा पडद्यामागे, परीक्षक पुढे. बुटांच्या टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरतात! तिथल्या पाच अग्रगण्य वाद्यवृंदांत १९७० साली शेकडा पाचही बायका नव्हत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या शेकडा पंचवीसच्या घरात गेल्या. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउस या दोन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी २००० साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारे श्रेय पडद्याचे नसेल, काळही बदलला. पण पडद्याचा वाटा त्यात आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. हे वाचले आणि मला आमच्या घरातला एक पडदा आठवला.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, ग्वाल्हेर दरबारच्या गवयांतल्या अखेरच्या पिढीचे. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीतले होते. दरबारच्या बैठकीत चिकाच्या पडद्यामागे राण्या आणि सरदारांच्या बायका गाणे ऐकत, ‘वा’ मात्र कधी ऐकू येत नसे, असे ते सांगत. नानांचे लग्न उशिरा झाले आणि मी तर शेंडेफळ. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तालीम मला होती, तिला नव्हती. “मुलीला दोन भजनं, एक नाट्यपद आलं की पुरे,” असे नानांचे मत. ते दुष्ट नव्हते हो. त्यांच्या वडिलांनी त्यांना दिलेले घराणे मुलाच्या हाती द्यायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते. मी गात असे तेव्हा ताई स्वयंपाकघरात तांदूळ निवडीत असे.

मी अकरा वर्षांचा असताना नाना एकदा तापाने आतल्या खोलीत पडून होते. संध्याकाळची वेळ. मी बैठकीत यमनमधली एक तान घोकत होतो आणि ती तार षड्जाशी जाऊन पुनःपुन्हा मोडत होती. ताई दिवा लावायला आली. काय मनात आले कोण जाणे, तिने तंबोरा माझ्याकडून घेतला आणि ती तान अशी काही घेतली की, आजही ती माझ्या कानात आहे. माझा आवाज अजून फुटलेला नव्हता. भिंतीआडून फरक कळण्याजोगा नव्हता. आतून नाना ओरडले, “वा! आज लागला गळा!” मग मला आत बोलावले, पाठीवर हात ठेवला आणि उशाखालून दहा रुपयांची नोट काढून दिली.

मी ती घेतली. ताई दारात उभी होती. मी काही बोललो नाही, तीही नाही. ते १९९१ साल होते. लंडनच्या यादीचे आम्हाला काय ठाऊक असणार! पण त्या एका संध्याकाळी पडद्याआडून परीक्षा झाली होती, निकालही खरा लागला होता, आणि बक्षीस मात्र भलत्याच्या हाती गेले होते.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे. पुस्तकांसाठीही पडदाच लावावा, लेखकाचे नाव झाकून परीक्षा घ्यावी. वेगळे पारितोषिक कशाला? माझाही पहिला विचार हाच होता. पण पडदा लावण्याचा प्रयोग लेखिकांनी फार पूर्वीच करून पाहिला आहे. मेरी ॲन इव्हान्स ‘जॉर्ज एलियट’ झाल्या. ब्राँटे भगिनींनी १८४० च्या दशकात ‘बेल’ आडनावाआड आपली पुस्तके छापली. आपल्याकडे १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण, यावरून केवढे वादळ उठले! मागाहून कळले, त्या मालतीबाई बेडेकर. आणि ऑरेंज पारितोषिकाच्या २००५ सालच्या विजेत्या लायनेल श्रायव्हर यांनी वयाच्या पंधराव्या वर्षीच आपले मुलीचे नाव टाकून पुरुषी नाव घेतले होते. २०२० साली पारितोषिकाच्या पंचविशीनिमित्त त्याच्या पुरस्कर्त्यांनी पुरुषी वा फसव्या नावांनी निघालेली पंचवीस जुनी पुस्तके लेखिकांच्या खऱ्या नावांनी पुन्हा काढली. त्यांत ‘मिडलमार्च’वर मेरी ॲन इव्हान्स हे नाव छापले होते. आमच्या क्षेत्रात उलटे उदाहरण आहे. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांनी तबकडीवर गाणे भरले आणि शेवटी आपले नाव स्वतः मोठ्याने सांगितले. घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांना तेवढे करण्याची सोय नव्हती. नाव लपवून मिळालेला न्याय हा त्या दहा रुपयांसारखा असतो. तो खऱ्या धन्याच्या हातात पडत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सतार पडद्यामागे ठेवली तरी सतारच वाजते; पण कादंबरी आपला विषय बरोबर घेऊन येते. कोणता विषय थोर आणि कोणता घरगुती, हे आधीच ठरलेले असते. युद्ध थोर, बाळंतपण घरगुती. हे मला आमच्याच उदाहरणाने पटले. आम्ही ग्वाल्हेरवाले ख्यालाला वरचे पान देतो आणि ठुमरीला ‘उपशास्त्रीय’ म्हणून बाजूला बसवतो. ठुमरीत कमी कस लागतो म्हणून की काय? एका ‘बाबुल’ शब्दावर वीस भाव दाखवणे हे ज्याने करून पाहिले आहे त्याला विचारा! ठुमरी खाली बसली, कारण ती गाणाऱ्या बायका खाली बसवलेल्या होत्या. गाणाऱ्याची पायरी गाण्याला चिकटली. कादंबरीचेही तसेच झाले असेल तर नुसते नाव झाकून काय होणार? त्यासाठी निराळा कान लागतो, आणि तो काही वर्षे मुद्दाम तयार करावा लागतो.

या पारितोषिकाने नेमके तेच केले असे मला आता वाटते. श्रायव्हर यांची ‘वी नीड टू टॉक अबाउट केविन’ ही पोटच्या पोराविषयी प्रेम न वाटणाऱ्या आईची कादंबरी कितीतरी प्रकाशकांनी नाकारली होती. २०१४ ची विजेती ईमर मॅकब्राइड यांची ‘अ गर्ल इज अ हाफ-फॉर्म्ड थिंग’. सव्विस-सत्तावीस वर्षांच्या वयात सहा महिन्यांत लिहिलेली ही कादंबरी छापायला कोणी मिळेपर्यंत नऊ वर्षे गेली. अखेर नॉर्विचच्या एका छोट्या प्रकाशन संस्थेने ती काढली. अँड्रिया लेव्ही यांची ‘स्मॉल आयलंड’ महायुद्धानंतर जमैकातून लंडनला आलेल्या माणसांची. ती २००४ साली विजेती ठरली आणि पुढल्याच वर्षी पहिल्या दहा विजेत्यांतली सर्वोत्तम म्हणून निवडली गेली. नायजेरियाच्या चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या ‘हाफ ऑफ अ यलो सन’मध्ये बियाफ्राचे युद्ध आहे, २००७ ची ही विजेती २०२० साली वाचकांच्या मतांनी सर्व विजेत्यांत पहिली आली. मूळच्या कराचीच्या कमिला शम्सी यांना २०१८ साली आणि श्रीलंकेतल्या तमिळ वंशाच्या व्ही. व्ही. गणेशानंतन यांना २०२४ साली हा मान मिळाला. गणेशानंतन यांच्या ‘ब्रदरलेस नाइट’मध्ये जाफन्याची एक डॉक्टर होऊ पाहणारी मुलगी आपले भाऊ यादवीत एकेक हरवताना पाहते. म्हणजे युद्धेही आहेतच. फक्त ती स्वयंपाकघराच्या दारातून दिसलेली आहेत. तांदूळ निवडणाऱ्याला बैठकीतले सारे ऐकू येते, हे मी अनुभवाने सांगतो.

आता हे पारितोषिक हवेच कशाला, असाही प्रश्न विचारतात. २०२४ साली बुकरच्या अंतिम यादीत सहापैकी पाच बायका होत्या आणि समँथा हार्वी यांनी ते जिंकले. प्रश्न रास्त आहे. त्यावर संचालकांनी दुकान बंद केले नाही. कथेतर लेखनात बायका अजून मागे राहतात म्हणून २०२४ पासून त्यासाठी दुसरे पारितोषिक सुरू केले. त्यांची एक मर्यादा मात्र नजरेत भरते. पुस्तक मुळात इंग्रजीच हवे, भाषांतर चालत नाही. हिंदीतल्या गीतांजली श्री यांना २०२२ साली आणि कन्नडमधल्या बानू मुश्ताक यांना २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. पण बायकांच्या या पारितोषिकाचे दार त्या पुस्तकांना बंदच होते. मराठी बाईलाही आहे.

आणि आपले काय? मराठीसाठी साहित्य अकादमीचे पारितोषिक १९५५ पासून आहे. ते पहिल्यांदा बाईला मिळाले १९६८ साली, इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ला. ती कादंबरी नव्हे. कादंबरीसाठी आशा बगे यांच्या ‘भूमी’ला मिळाले ते २००६ साली. साहित्य संमेलनाचा हिशेबही करून पाहिला. १८७८ पासून २०२५ पर्यंतच्या ९८ संमेलनांत अध्यक्षस्थानी बायका सहा. पण त्यात आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. त्यांतली पहिली, कुसुमावती देशपांडे, १९६१ साली अध्यक्ष झाल्या त्या पुण्या-मुंबईला नव्हे, आपल्या ग्वाल्हेरला. त्यांचे पती कवी अनिल तीनच वर्षे आधी, १९५८ साली, मालवणला अध्यक्ष होते. लंडनला शिकलेल्या, नागपूरला इंग्रजी शिकवलेल्या या बाईंनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा इतिहास लिहिला, हे त्यांना ‘अनिलांच्या पत्नी’ म्हणणाऱ्यांनी विसरू नये. पुढे दुर्गा भागवत, शांता शेळके यांच्यानंतर विजया राजाध्यक्ष २००१ साली अध्यक्ष झाल्या त्या इंदूरला, आणि अरुणा ढेरे यांच्यानंतर तारा भवाळकर २०२५ साली दिल्लीला. सहांपैकी तीन महाराष्ट्राबाहेर! परमुलखात राहणाऱ्या माणसाला दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय हे कळते, म्हणून असे झाले असेल का? नाना १९६१ च्या त्या संमेलनाला श्रोत्यांत होते. बाई फार शांत बोलतात, असे ते कौतुकाने सांगत. आणि घरी मुलीला दोन भजने पुरेत म्हणत. एकाच माणसात हे दोन्ही नांदत होते, माझ्यातही नांदते.

माझ्या विद्यार्थिनीशी वाद घालायचे राहूनच गेले. तिला मी एवढेच म्हणालो की, त्या दिवशी मी न वाचता बोललो. यंदा मंडळापुढे मी दोन सूचना ठेवल्या आहेत. पहिली फेरी पडद्याआडून घ्यावी, ही एक. बायकांनी स्वतः बांधलेल्या बंदिशींसाठी निराळे पारितोषिक ठेवावे, ही दुसरी. पहिली सर्वांना लगेच आवडली. दुसरीवर एक जुने सभासद म्हणाले, “बायकांचा वेगळा डबा कशाला?” मी त्यांना म्हणालो, डबा बायकांना प्रवास जमत नाही म्हणून जोडत नाहीत, बाकीच्या डब्यांत बसायला जागा देत नाहीत म्हणून जोडतात. ज्या दिवशी देतील त्या दिवशी काढू.

परवा रात्री ताईला फोन केला. ती आता उज्जैनला असते, नातवंडे सांभाळते. इतक्या वर्षांनी ती यमनची गोष्ट काढली. मला वाटले होते, ती विसरली असेल.

“दहा रुपये देणं आहेस तू माझे,” ती म्हणाली आणि हसली. मग थोडा वेळ गप्प राहिली. “नानांची ती ‘वा’ माझी होती, हे मला ठाऊक होतं. तेवढं पुरे, असं वाटलं होतं तेव्हा. पुरलं नाही रे.”

मी तिला पडद्याचे सांगितले, बंदिशींच्या पारितोषिकाचे सांगितले. तिने सारे ऐकून घेतले. तिच्याजवळ बंदिशींची एक वही आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. तीसएक बंदिशी असतील, म्हणाली. दुपारी सगळे निजले की लिहिते.

“पण तुमच्या स्पर्धेला पंचवीस वर्षांची अट आहे ना?”

“आहे.”

“काढलीत तर कळव.”

मंडळाची सभा येत्या रविवारी आहे. वयाची अट हा विषय मी कार्यक्रमपत्रिकेवर घातला आहे.